मोटार आपलीच आहे

हिमायतनगर, हैदराबाद
मंगळवार, मार्गशीर्ष (तिथी इंदूला विचारावी लागेल, आणि तिला हे पत्र दाखवायचं नाही)

चि. लक्ष्मण यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. त्यातले निम्मे सुशीलेला दे आणि पोरांच्या डोक्यावरून माझ्या नावानं हात फिरव. आम्ही इकडे धडधाकट आहोत, त्याहून जास्त खुशाली विचारू नकोस, पुढं वाचलंस की कळेल. तुझा गुडघा कसा आहे? सुशीलेचा खोकला गेला का? (गेला नसेल तर अडुळशाचा काढा दे. तिला आवडत नाही हे मला माहीत आहे, आवडतो म्हणून काढा कोणी पीत नाही.) आणि तुझी मोरी म्हैस कशी आहे? दिवाळीत सेलूला आले होते तेव्हा नुकतीच व्यायली होती. आता दूध किती देते, सकाळी किती, संध्याकाळी किती, पेंड वेळेवर घालतोस की नाही, हे सगळं सविस्तर लिही.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. एरवी मी सांगते आणि इंदू लिहिते, पण ती माझं बोलणं धुऊन, घडी घालून कागदावर ठेवते. मागच्या पत्रात मी सांगितलं होतं की तुझ्या दाजींना अक्कल नाही, तर तिनं लिहिलं की दाजी हल्ली विचारात असतात. म्हणून या खेपेला माझी मीच. माझी शाळा तिसरीत संपली हे तुला ठाऊकच आहे (तुला खेळवायला घरी बसवलं मला, विसरू नकोस), तेव्हा काना-मात्रा तुझ्या तू लावून घे.

तर झालं असं. कार्तिकात तुझे दाजी एका लग्नाला औरंगाबादला गेले. तिथं केशवराव वकील भेटले. त्यांचा मुलगा मधुकर रेल्वेत इंजिनियर आहे, निर्व्यसनी आहे, आपल्या इंदूला साजेसा आहे. पत्रिका जुळली. मुलाचा फोटो हे घेऊन आले, तो इंदूनं दोनदा पाहिला (एकदा माझ्यासमोर आणि एकदा मी चुलीकडे वळल्यावर). मार्गशीर्षातल्या एका रविवारी ते लोक मुलगी बघायला येणार असं ठरलं. इथंच उठून यायचं की नाही? पण केशवरावांनी सहज विचारलं, काचीगुड्याच्या स्टेशनापासून तुमचं घर बरंच लांब आहे का? तर आमचं माणूस म्हणालं, लांबची काळजी तुम्ही कशाला करता, आमची मोठी मोटार येईल ना तुम्हाला घ्यायला.

लक्ष्मणा, आमच्याकडे मोटार नव्हती. मोठी नव्हती, लहान नव्हती. आमच्याकडे अंबरपेठेच्या वखारीत सागवान वाहायच्या चार बैलगाड्या, ह्यांची सायकल आणि चंद्री म्हैस, एवढंच. आणि केशवराव पडले वकील. मोटारीचं खोटं निघालं तर बाकीचं खरं कशावरून, हे त्यांनी स्टेशनावरच विचारलं असतं आणि उलट्या गाडीनं परत गेले असते. इंदूला विसावं लागलंय. याआधी दोन स्थळं हातची गेली. ती पोरगी तोंडानं काही बोलत नाही, पण त्या दिवसापासून फोटो तिच्या उशीखाली आहे आणि मी अंथरूण काढताना तो पाहून पुन्हा होता तसा ठेवते.

मी म्हटलं, कुणा ओळखीच्याची मोटार एक दिवस मागून आणा. तर हे म्हणतात, वखारीच्या मालकाला ते शोभत नाही, आता घ्यायची तर सगळ्यांत वरच्या दर्जाची घ्यायची, कायमची घ्यायची. झालं. त्या दिवसापासून नवी का वापरलेली, याशिवाय घरात दुसरा विषय नाही. सिकंदराबादच्या दुकानातून मोटारींच्या चित्रांची गुळगुळीत पुस्तकं आणली. ती इंदूनं इंग्रजीतून वाचायची, ह्यांनी डोळे मिटून ऐकायची आणि मी पोळ्या लाटायच्या. एकात घोड्यांची ताकद लिहिलेली, एकात गादीचं कातडं कुठल्या देशाचं ते लिहिलेलं. आत माणसं किती बसतात हे मात्र कशातच नीट लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणतात, जयवंता, अशा मोटारीत किती बसतात हे विचारत नाहीत, कोण बसतं हे विचारतात.

आठ दिवस असे गेल्यावर मीच म्हटलं, उठा, मी येते. सिकंदराबादच्या त्या दुकानात नवी मोटार काचेच्या आड उभी होती. बघायला उत्तम. टाय लावलेला एक पोरगेला माणूस इंग्रजीत बोलत होता आणि तुझे दाजी समजल्यासारखी मान हलवत होते. मी त्याला हिंदीत एवढंच विचारलं की रविवारपर्यंत मिळेल का. तो हसला. म्हणाला, अम्मा, आज नाव लिहिलं तर जहाजातून मुंबईला येईल आणि आठ महिन्यांनी तुमच्या दारात. मी ह्यांना तिथून हाताला धरून बाहेर काढलं, कारण ह्यांचा हात नाव लिहायला खिशातल्या पेनाकडे निघाला होता.

मग छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची वापरलेली. तो सामान विकून विलायतेला चालला होता. ती मोटार तशी बरी, पण छत इतकं खाली की आत शिरताना ह्यांची पगडी दारातच पडली आणि ह्यांनी तो अपशकुन मानला. शिवाय मागच्या गादीवर साहेबाचा कुत्रा बसायचा, तो उठेना. साहेब म्हणाला, कुत्रा मोटारीबरोबरच द्यायचा आहे. हे त्यावरही विचार करायला लागले होते.

एवढ्यात वखारीतल्या अप्पारावांनी बातमी आणली की नदीपलीकडच्या एका देवडीत, म्हणजे नवाबी वाड्यात, नवाबसाहेबांची मोटार विकायला निघणार आहे. (नवाबसाहेबांचं नाव एवढं लांब आहे की लिहायला बसले तर तुझ्या म्हशीची चौकशी करायला जागा उरायची नाही.) यंदा जहागिरी सरकारात जमा झाल्यापासून या मोठ्या माणसांचे दिवस फिरले आहेत. एकेकाळी त्यांच्या दारात आठ मोटारी होत्या, त्यांतली ही शेवटची, बेगमसाहेबांची. तुझे दाजी दोनदा जाऊन आले. पहिल्या दिवशी चार तास, दुसऱ्या दिवशी पाच तास. किंमत काय म्हणाले, असं विचारलं की सांगायचे, अगं, ती गोष्ट अजून निघाली नाही. मग नऊ तास काय केलंत? तर बिर्याणी खाल्ली आणि शेर ऐकले. मला म्हणतात, तुला कळायचं नाही, तिथं मोठी माणसं विकायचं नाव काढत नाहीत आणि लहान माणसं घ्यायचं नाव काढत नाहीत. आपण वस्तूची तारीफ करायची. ते म्हणणार, आपकीच है, ले जाइए. आपण कानाला हात लावून म्हणायचं, तोबा, तोबा, हमारी क्या औकात. असं तीन-चार भेटींत झालं की मग निघताना फाटकापाशी मुन्शीजी कानात किंमत सांगतात.

हे बुधवारी सांगितलं. रविवार चार दिवसांवर.

गुरुवारी मी बरोबर गेले. मला जनान्यात बेगमसाहेबांकडे बसवलं. बाई फार गोड, माझ्याच वयाच्या, अंगावर दागिना एकच पण तो आपल्या गावाएवढा. पान दिलं, शरबत दिलं, मुलीचं कुठवर आलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं (मला लपवून बोलता येत नाही). पडद्यापलीकडे दिवाणखान्यात ह्यांचं आणि नवाबसाहेबांचं चाललेलं ऐकू येत होतं. दीड तास मी ऐकलं. मोटारीचा रंग जांभळाच्या रंगाचा, ह्यावर अर्धा तास. तिच्या पडद्यांचं रेशीम, ह्यावर अर्धा तास. शेवटी नवाबसाहेब म्हणाले, एकनाथराव, इतनी पसंद है तो गाडी आपकीच है, ले जाइए. आणि हे म्हणाले, तोबा, तोबा, हुजूर.

माझ्या तोंडातलं पान संपलं होतं. मी पडद्याआडून म्हटलं, "हौ, ले जाते."

मला काय माहीत रे, मी खेड्यातली बाई, माणूस सरळ बोलतो ते मी सरळ ऐकते. बेगमसाहेबांना नमस्कार केला, मोटार जनान्याच्याच दारात उभी होती, तिच्यात जाऊन बसले. (दार असं रुंद की नऊवारी सावरायला लागली नाही. पायाखाली गालिचा, हाताशी पानाचा डबा ठेवायला फळी. ह्यांच्या पुस्तकांत यातलं काही नव्हतं.) ड्रायव्हर हुसेनमियाँ पुढं, मधे काच, आणि त्याच्याशी बोलायला एक नळी. मी नळीत तोंड घालून म्हटलं, चलो हिमायतनगर. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, निघाला. तुझे दाजी चपला हातात घेऊन धावत आले आणि चालत्या मोटारीत चढले. फाटकापाशी मुन्शीजी रोजच्या जागी किंमत सांगायला उभे होते. ते काही अंतर बरोबर धावले, मग थांबले. मी मागच्या काचेतून पाहिलं, म्हातारा माणूस, टोपी हातात घेऊन उभा होता. तेवढं एक मला बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर हे जे बोलले ते इंदूनं लिहिलं असतं तर 'बाबा जरा नाराज झाले' असं लिहिलं असतं. त्याच संध्याकाळी पैशाचं पाकीट घेऊन देवडीवर गेले. नवाबसाहेबांनी पाकिटाकडे बघितलंही नाही. दिलेल्या चीजेची कीमत घेतात का, एकनाथराव? शुक्रवारी सकाळी पुन्हा गेले, पुन्हा तेच. आता मोटार परत नेली तर त्यांचा अपमान, ठेवून घेतली तर आम्ही लुटारू. एवढा जबानचा पक्का माणूस, जहागीर गेली तरी शब्द सोडत नाही, आणि घरात खर्चाला किती आहे ते मुन्शीजींनाच ठाऊक. ह्यांनी दोन दिवस जेवण टाकलं. मी जेवले, पण चव नव्हती.

शनिवारी बेगमसाहेब टांग्यातून, चादरी लावून, आमच्याकडे परतभेटीला आल्या. मागच्या अंगणात आल्या आणि चंद्रीपाशी उभ्या राहिल्या. चंद्री तुला माहीत आहे, पारडू असल्यापासून मी वाढवलेली, शिंगं अशी की त्यांना हार घालावा. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, माशाल्लाह, क्या भैंस है. आणि पडवीच्या पलीकडून, तिसऱ्या दिवसाच्या उपाशी पोटी, आमचं माणूस म्हणालं, आपकीच है, बेगमसाहिबा.

बेगमसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी माझ्या आवाजात म्हणाल्या, "हौ, ले जाते."

माझीच भाषा. गंगू मोलकरीण रडली, मी तिला रागावले आणि आत जाऊन मग मी रडले. तासाभरानं मुन्शीजी चंद्रीला न्यायला आले. त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हुजूर मोटारीची कीमत घ्यायचे नाहीत, पण म्हैस नजर, म्हणजे भेट, केली की तिचा दाणा-चारा बरोबर देण्याची चाल आहे, तो घ्यायला हुजूरना हरकत नाही. किती दिवसांचा चारा? मुन्शीजी म्हणाले, वीस वर्षांचा. (एवढी वर्षं म्हैस जगत नाही, हे मी चुलीपासून म्हटलं, कोणी ऐकलं नाही.) पाकीट जसंच्या तसं चाऱ्यापोटी गेलं आणि तुझे दाजी त्या रात्री अकरा पोळ्या जेवले.

रविवारी मोटार काचीगुड्याला गेली. केशवराव, त्यांच्या मालनबाई आणि मुलगा. मालनबाई गंगापूरकडच्या, बोलायला सडेतोड, मला बघताक्षणी ओळख पटली. वाटेत त्यांनी पडदे चारदा उघडले, चारदा लावले आणि नळीतून हुसेनमियाँला घरची माणसं किती, पगार किती, सगळं विचारून घेतलं. घरी पोहे झाले, चहा झाला, इंदूनं खाली बघून तीन प्रश्नांची उत्तरं दिली, मधुकरनं एकच विचारलं, आणि तेही ऐकू येईल असं नव्हतं, तरी तिला ऐकू गेलं. मग नेहमीची शांतता पडली. मागच्या दोन्ही स्थळांच्या वेळी याच शांततेनंतर 'कळवतो' आलं होतं. इंदू रिकाम्या बश्या उगाच पुन्हा एकात एक लावायला लागली. मालनबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, मोटार मात्र सुरेख आहे हो तुमची.

आणि आठवडाभर देवडीत बसून ह्यांची जीभ जशी वळली होती तशीच वळली. मी पाय दाबेपर्यंत शब्द बाहेर. "तुमचीच आहे, विहीणबाई."

मालनबाईंना कुठली देवडी आणि कुठलं काय. त्या म्हणाल्या, "बरं तर. मुलीबरोबर पाठवा."

केशवराव खोकले. ह्यांचा चेहरा मी बघितला नाही. मी जागची उठले, साखरेची वाटी आणली आणि मालनबाईंच्या हातावर साखर ठेवून म्हटलं, मुलीबरोबर म्हणालात, म्हणजे मुलगी ठरली. चौघांनी ऐकलंय, आणि त्यांतले एक वकील आहेत. बाई हसल्या आणि साखर खाल्ली. इंदू बश्या घेऊन आत पळाली. तर माघातलं लग्न आहे, मुहूर्त कळला की कुंकवाची अक्षत येईल, तू आठ दिवस आधी ये आणि सुशीलेला पंधरा दिवस आधी पाठव.

म्हणजे आता हिशेब असा: मोटार नाही, म्हैस नाही आणि वीस वर्षांचा चारा देवडीत. मोटार लग्नापर्यंत आहे आमच्या दारात, पण तिचंही सुख नाही. चंद्री तिकडे कुणाला हात लावू देत नाही. दोन गवळ्यांना लाथा घातल्या, मुन्शीजींची टोपी खाल्ली. गेल्या सोमवारी पहाटे देवडीवरून निरोप आला. तेव्हापासून रोज दोन वेळा मी त्या जांभळ्या मोटारीत, रेशमी पडदे लावून, मांडीवर चरवी घेऊन नदीपलीकडे धार काढायला जाते. बेगमसाहेब खुर्ची टाकून शेजारी बसतात. निघताना म्हणतात, दूध आपकाच है, आणि निम्मं देतात. निम्म्या दुधात आमचं काय भागतं? चहा काळा पितात तुझे दाजी, आणि बरं झालं.

इंदूनं मला विचारलं, आई, एवढं काय लिहिते आहेस. मी म्हटलं, मामाची खुशाली विचारते आहे. तब्येतीला जप.

तुझी आक्का,
जयवंता

ता. क. – ह्यांनी आज सिकंदराबादहून पुन्हा चित्रांची पुस्तकं आणली आहेत. नवी घ्यावी की वापरलेली, असं मला विचारत होते. मी चरवी घासत होते, तीच उचलून दाखवली.

ता. क. दुसरा – मुख्य गोष्ट राहिलीच. दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी तुझ्या गोठ्यात उभं राहून मी म्हटलं होतं, मोरी काय देखणी आहे रे. तू म्हणालास, आक्का, तुझीच आहे, घेऊन जा. सुशीला ऐकत होती, गडीही होता. तर ती शुक्रवारी गड्याबरोबर रेल्वेनं पाठव, जनावराच्या डब्याचं भाडं मी इथं देईन. लग्नघर आहे, दुधाशिवाय कसं व्हायचं.

ता. क. तिसरा – तू म्हणशील, आक्का, ते मी नुसतं तोंडानं म्हटलं होतं. ते मला ठाऊक आहे. नवाबसाहेबही तोंडानंच म्हणाले होते, तेही ठाऊक होतं. या शहरात सव्वीस वर्षं काढली मी, मला काय कळत नव्हतं होय? पण रविवार तीन दिवसांवर होता, आणि तुझे दाजी संक्रांतीपर्यंत कानाला हात लावत बसले असते, आणि फोटो उशीखाली होता. बेगमसाहेबांना हे त्याच दिवशी कळलं होतं, मी सगळं सांगितलं होतं ना, म्हणून तर शनिवारी त्या चंद्रीपाशी येऊन उभ्या राहिल्या. ह्यांना सांगू नकोस.

दावं पाठवू नकोस. चंद्रीचं इथं खुंट्याला तसंच आहे.